‘मी’ आणि ‘माझं’: उरालिक व मंगोलियन भाषांतला म नेमका कुठे बसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिनिशमध्ये ‘मी’ला मिनॅ म्हणतात, हंगेरियनमध्ये ‘माझं’ सांगायला नामाच्या शेवटी म लागतो, मंगोलियनमध्ये ‘माझं’ म्हणजे मिनी, आणि आपल्याकडे मी-मला-माझं आहेच. मग या सगळ्या भाषा कधीकाळी एक होत्या का? आणि फिनिश-हंगेरियनसारखं मंगोलियनमध्येही ‘माझं’ शब्दाच्या मागे चिकटतं का?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘या म-वरून तरी तसं म्हणता येणार नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘हो, चिकटतं’. या दोन प्रश्नांतला दुसरा मला कितीतरी जास्त मोलाचा वाटतो. उरालिक भाषांत, म्हणजे फिनिश-हंगेरियनच्या कुटुंबात, हा प्रत्यय आपल्याला तयारच मिळतो, तर मंगोलियनमध्ये तो घडताना बघायला मिळतो. पंचवीसएक वर्षं या भाषांची व्याकरणं शिकवून माझं मत असं झालं आहे की म जुळतो का हे विचारण्याआधी ‘माझं’ वाक्यात कुठे उभं आहे ते बघावं.

उच्चारांबद्दल एक सूचना: खालचे सगळे शब्द देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत. ॲ आणि ऑ जिथे दिसतील तिथे ते मुद्दाम आहेत.

उरालिकपासून सुरुवात करू, तिथलं चित्र स्वच्छ आहे. ‘मी’साठी फिनिश मिनॅ, एस्टोनियन मिना, उत्तर सामी मुन, व्होल्गाच्या खोऱ्यातल्या एर्झ्या आणि उदमुर्त या दोन्ही भाषांत मोन, कोमीत मे, पश्चिम सायबेरियातल्या मान्सीत आम, आणि पार उत्तरेच्या टुंड्रात नेनेत्स लोकांचं मान्य. हंगेरियनचं ‘एन’ यात परकं दिसतं, पण त्याची इतर रूपं घेतली की म परत येतो: कर्म असेल तर एंगॅम, आणि ‘मला, माझ्यासाठी’ या अर्थी नॅकॅम.

आता ‘माझं’. एक जुना उरालिक शब्द आहे, कोता, म्हणजे घर किंवा झोपडी. फिनिशमध्ये तो कोता असाच राहिला (आज अर्थ झोपडी किंवा सामी लोकांचा तंबू), एर्झ्यात कुदो झाला, हंगेरियनमध्ये हाझ झाला. हाझ आणि कोता एकच, हे ऐकून विद्यार्थी नेहमी दचकतात. पण हंगेरियनमध्ये जाड स्वरांआधीच्या (आ, ओ, उ यांसारख्या) जुन्या क-चा ह होतो आणि दोन स्वरांमधल्या त-चा झ होतो, हे नियम शब्दामागून शब्दाला लागू पडतात. फिनिश काला म्हणजे मासा, तो हंगेरियनमध्ये हॉल. नात्याचा पुरावा म्हणतात तो असा असतो. आता याच शब्दाला ‘माझं’ लावा. एर्झ्यात कुदोम. हंगेरियनमध्ये हाझॉम. फिनिशमध्ये कोतानी.

फिनिशमध्ये म-ऐवजी न कसा? तिथे शब्दाच्या अगदी शेवटी म टिकत नाही, त्याचा न होतो. हृदयाला फिनिशमध्ये स्यूदॅन म्हणतात, पण ‘हृदयाचं’ म्हणताना स्यूदॅमेन. प्रत्यय लागून म आत सरकला की तो सुरक्षित राहतो. ‘मी जातो’ म्हणजे मेनेन, त्यातला शेवटचा न असाच जुना म आहे. ‘-नी’ची वाट थोडी वेगळी आहे: तिथे म-च्या आधी एक न येऊन बसला आणि दोघांचा मिळून न उरला. एर्झ्यात याची खूण अजून शाबूत आहे. कुदोम म्हणजे माझं घर, कुदोन म्हणजे माझी घरं. एकाच मालकाचे दोन प्रत्यय, वस्तू एक की अनेक यावर ठरणारे.

या तुलनेचा इतिहासही सुंदर आहे. १७६९ साली सूर्याच्या बिंबावरून शुक्राचं संक्रमण होणार होतं. ते बघायला नॉर्वेच्या टोकाला वार्दो बेटावर गेलेल्या मंडळींत यानोश शायनोविच नावाचा हंगेरियन जेझुइट पाद्री होता. तिथल्या सामी लोकांची भाषा त्याने आपल्या भाषेशी ताडून पाहिली आणि १७७० साली दोन्ही मुळात एकच असल्याचं पुस्तक छापलं. त्यानंतर १७९९ साली शामुएल द्यार्मॉती याने शब्दांच्या याद्यांपेक्षा व्याकरणाच्या रूपांवर भर देऊन हेच काम जास्त नेटाने केलं. मला द्यार्मॉतीची पद्धत अधिक जवळची वाटते. शब्द बाजारातून येतात-जातात. प्रत्ययांची अख्खी रांग सहसा उसनी घेतली जात नाही.

त्या प्रत्ययांच्या जागेबद्दल एक गोष्ट सांगतो, पुढे मंगोलियनला लागेल. ‘माझ्या घरात’ हे हंगेरियनमध्ये हाझॉमबॉन: घर, माझं, मग आत. फिनिशमध्ये घराला रोजचा शब्द तालो, आणि ‘माझ्या घरात’ म्हणजे तालोस्सानी: घर, आत, मग माझं. एकाच कुटुंबात दोन क्रम! म्हणजे स्वामित्वाचा प्रत्यय जुना असला तरी विभक्तीचे प्रत्यय वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या फटींत शिरले आहेत.

आता मंगोलियन. मी ती पहिल्यांदा ऐकली कर्नाटकातल्या मुंडगोडला. तिथल्या डेपुंग गोमांग मठात मंगोलिया आणि रशियातले बुर्यातिया व काल्मिकिया इथून भिक्षू शिकायला येतात. एका अंगणात तीन मंगोल भाषा ऐकू येण्याची अशी जागा आपल्याला इतक्या जवळ आहे, हे मराठी अभ्यासकांना फारसं ठाऊक नसतं.

खाल्खा, म्हणजे उलानबातरची प्रमाण मंगोलियन, तिच्यात ‘मी’ म्हणजे बी. ‘माझं’ म्हणजे मिनी. कर्म असेल तर नमाइग. ‘मला, माझ्याकडे’ म्हणजे नदाद, ‘माझ्यापासून’ नदास, ‘माझ्याबरोबर’ नदताइ. एका सर्वनामात ब, म आणि न अशी तीन अंगं. संस्कृत शिकलेल्याला हे अनोळखी नाही: कर्ता अहम्, आणि बाकी सगळीकडे माम्, मया, मम. मराठीने कर्त्याच्या जागीही म-च बसवला, म्हणून आपल्याला ती शिवण दिसत नाही.

बी आणि मिनी यांतला फरक त्यातल्या त्यात सोपा आहे. पुढच्या न-च्या नाकातल्या आवाजाने आधीच्या ब-ला ओढून म केलं, असं मानतात. मांचू भाषेतही हेच दिसतं: बी म्हणजे मी, मिनी म्हणजे माझं. तुर्कस्तानची तुर्की बॅन म्हणते, तिच्या मध्य आशियातल्या कित्येक बहिणी मेन म्हणतात. म्हणून मंगोलियनचा म बघताना लक्षात ठेवायचं की तो कर्त्याच्या रूपात नाहीच. फिनिश ‘मिनॅ’शेजारी ‘मिनी’ ठेवणं सोपं आहे. ‘मिनॅ’शेजारी ‘बी’ ठेवलं की मन तितकं उडी मारत नाही.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, माझा जीव इथेच गुंतलेला आहे.

आपण ‘माझं बाळ’ म्हणतो. पण पोर रडत आलं की तोंडातून निघतं ‘बाळा माझ्या’. ‘सोन्या माझ्या’, ‘राजा माझ्या’. ‘माझं’ मागे गेलं की मालकी सांगणं संपतं आणि ओलावा सुरू होतो. मंगोलियनमध्ये नेमकं हेच आहे, पण तिथे ते व्याकरणाचा भाग झालं आहे. ‘माझं पुस्तक’, हे माझं, तुझं नाही, असं ठासून सांगायचं तर मिनी नोम. मुलाला हाक मारायची तर खू मिन: मुला माझ्या. वडिलांना आव मिन. ‘देवा माझ्या!’ म्हणजे बुर्खान मिन.

हा मिन म्हणजे जुन्या ‘मिनु’चाच झिजलेला तुकडा. तेराव्या शतकातला ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो चिनी चिन्हांत उच्चार उतरवलेल्या प्रतीतून, आणि त्यात मिनु, चिनु ही पूर्ण सर्वनामं नामानंतर उभी असलेली वारंवार दिसतात. सात-आठशे वर्षांत नामामागे उभं राहून त्यांचा शेवटचा स्वर गेला, आघात गेला. आज ती मिन, चिन आणि तिसऱ्या पुरुषाची नुसती न उरली आहेत. पुढे उभं राहणारं पूर्ण रूप मिनी मात्र ठणठणीत आहे.

विद्यार्थी विचारतात, मग मिन हा प्रत्यय म्हणायचा की शब्द? मी त्यांना स्वरमेळाची कसोटी लावायला सांगतो. मंगोलियनमध्ये खरा प्रत्यय नामातल्या स्वरांप्रमाणे आपला स्वर बदलतो: आ, ए, ओ, ज्याला जो जुळेल तो. हंगेरियनमध्येही तसंच, हाझ-ला हाझॉम पण कॅर्त (बाग) याला कॅर्तॅम. मिन मात्र कुठल्याही शब्दाशी जुळवून घेत नाही, कायम मिन. शिवाय तो विभक्तीच्या बाहेर उभा राहतो: गेर्त मिन म्हणजे ‘घरात माझ्या’. पाय आत टाकलेला नाही, उंबऱ्यावर उभा आहे.

बुर्यात आणि काल्मिक यांनी तो उंबरा ओलांडला. बैकाल सरोवराकाठच्या बुर्यातमध्ये अखा म्हणजे थोरला भाऊ आणि अखम म्हणजे माझा थोरला भाऊ. कॅस्पियनच्या पश्चिमेला राहणाऱ्या काल्मिक लोकांच्या भाषेत आईला ‘एक’ म्हणतात, आणि माझी आई म्हणजे एकम. मिनु, मिन, म. ‘एकम’ आणि हंगेरियन ‘हाझॉम’ शेजारी ठेवा. दिसायला जुळी भावंडं, पण एकाचा म मंगोल भाषांच्या लिखित इतिहासातच मागे सरकून चिकटलेला, आणि दुसऱ्याचा म हजारो वर्षांपूर्वीच्या आद्य उरालिकमधून आलेला. या दोन म-मध्ये नातं शोधण्याआधी हे वयाचं अंतर समजून घ्यावं लागतं.

क्रियापदातही हीच गोष्ट घडली. खाल्खात क्रियापदाला पुरुष नसतो. मी, तू, तो, सगळ्यांना एकच रूप. बुर्यातमध्ये मात्र ‘मी जातो’ म्हणजे बी याबनब आणि ‘तू जातोस’ म्हणजे शी याबनश. शेवटचा ब म्हणजे पुन्हा तोच बी, मागे येऊन चिकटलेला. काल्मिकमध्ये त्याचा व झाला: योव्नव. फिनलंडचा मत्थियास कास्त्रेन १८४०च्या दशकात सायबेरियाभर हिंडला आणि १८५० साली त्याने या पुरुषवाचक प्रत्ययांवरच प्रबंध लिहिला. त्याच्या काळात उरालिक आणि मंगोल भाषा एकाच मोठ्या ‘अल्ताई’ छत्राखाली धरत. त्याचं बुर्यात व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १८५७ साली छापून आलं. पुढे हेलसिंकीचाच गुस्ताफ योन रामस्टेड्ट खाल्खाच्या क्रियापदांमागे लागला. म्हणजे या ‘मी’चा अभ्यास मुख्यतः अशा लोकांनी केला ज्यांना स्वतःच्या ‘मी’चं मूळ शोधायचं होतं. शांदोर कोरोशी चोमा याच ओढीने हंगेरीहून निघाला, लडाखला पोचला, तिबेटी भाषेचा कोश करून १८४२ साली दार्जिलिंगला वारला. मला या माणसांबद्दल आदर आहे. पण ओढ आणि पुरावा वेगळे ठेवावे लागतात.

फिनिशची सध्याची स्थिती याच्या उलट आहे. पाठ्यपुस्तकात ‘माझं घर’ म्हणजे मिनुन तालोनी: पुढे ‘माझं’, मागेही ‘माझं’. रस्त्यावर ऐका, लोक म्हणतात मुन तालो. मागचा प्रत्यय गळाला. एस्टोनियनने तो कधीच सोडला, तिथे मिनु माया, किंवा घाईत मु माया. उत्तर सामीतही तो आता मुख्यतः नात्याच्या शब्दांत टिकून आहे. बुर्यातमध्ये म चिकटतो आहे तेव्हा फिनिशमध्ये तो सुटतो आहे. नात्याच्या शब्दांना तो सगळ्यात घट्ट धरून बसतो, हे मात्र बऱ्याच ठिकाणी आढळतं. आपल्या शेजारच्या सिंधीतही सर्वनामाचे प्रत्यय नात्याच्या शब्दांना लागतात. उल्हासनगरच्या जुन्या मंडळींकडून ते ऐकता येतात.

आता पहिल्या प्रश्नाचा हिशेब. उत्तर युरेशियात ‘मी’ला म आणि ‘तू’ला त (किंवा त्याच्या जवळचा स, च) असणाऱ्या भाषांचा मोठा पट्टा आहे, भारोपीय, उरालिक, तुर्की, मंगोल, तुंगूस (मांचूचं कुटुंब) सगळे त्यात येतात. जोहाना निकोल्स आणि डेव्हिड पीटरसन यांनी जगभरच्या भाषांत हा नमुना मोजून नकाशावर मांडला आहे. पट्टा खरा आहे, योगायोगाने इतका सलग पट्टा पडणं अवघड. पण पट्टा असणं म्हणजे एक आई असणं नव्हे. शेजारी शेजाऱ्याला वळण लावतो. शिवाय म हा बाळाच्या तोंडात सगळ्यात आधी येणाऱ्या आवाजांपैकी एक, आणि सर्वनामं एक-दोन अक्षरांची. स्वाहिलीत ‘मी’ म्हणजे मिमी. तिला या पट्ट्याशी कोणी जोडत नाही. सोलापुरात तेलुगू घरांत ‘मन’ म्हणजे आपलं. मंगोलियनमध्ये ‘मनाइ’ म्हणजे आमचं. कानाला इतकं जवळ, तरी तेलुगू ‘मन’मध्ये ऐकणारा धरलेला असतो आणि मंगोलियन ‘मनाइ’ ज्या मुळातून आलं त्यात ऐकणारा वगळलेला होता. कोता, कुदो, हाझ यांच्यासारख्या नियमबद्ध जोड्यांची शेकड्यांनी रांग उरालिक आणि मंगोलियन यांच्यात लावता आली, तर मी माझं मत आनंदाने बदलेन. आजवर ती लागलेली नाही.

म भटकतो कसा, याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. तुर्कीत ‘माझं घर’ म्हणजे एविम. तोच म ‘बेग’ या पदवीला लागून बेगम झाला: माझी सरदारीण. मराठीत आपण बेगम बिनधास्त म्हणतो आणि त्यातला तुर्की ‘माझी’ कुणाला ऐकू येत नाही.

‘मनाइ’चं वर सांगितलं ते थोडं उलगडतो, मराठी माणसाला यात फायदा आहे. जुन्या मंगोलियनमध्ये दोन ‘आम्ही’ होते: बा म्हणजे तुला सोडून आम्ही, आणि बिदा म्हणजे तुझ्यासकट आपण. आपल्या आम्ही-आपण सारखीच वाटणी. ही वाटणी हिंदी भाषकाला समजावावी लागते, आपल्याला नाही. आजच्या खाल्खात बिद एकटाच दोन्ही कामं करतो. पण बा-चं षष्ठीचं अंग ‘मनाइ’मध्ये जिवंत राहिलं आणि त्याचा अर्थ ‘आमच्या घरचं, आमच्याकडचं’ असा झाला. बाई नवऱ्याचा उल्लेख मनाइ नोखोर असा करते, नवरा एकच असला तरी. ‘आमचे हे’ म्हणणाऱ्या पिढीला याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही.

‘तुझं’ आणि ‘त्याचं’ यांचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. उदमुर्तमध्ये सूर्याला शुंदी म्हणतात, आणि ‘त्याचा’ प्रत्यय लावून शुंदीयेझ म्हटलं की अर्थ होतो ‘तो सूर्य, आपल्याला माहीत असलेला’. मालक कुणीच नाही. मंगोलियनमध्ये ओनोदोर चिन, शब्दशः ‘आज तुझा’, हे ‘अरे, आज तर’ अशा अर्थी येतं. ऐकणाऱ्याला जवळ ओढायला ‘तुझा’. आपण ‘मी आपला गप्प बसलो’ म्हणतो, त्यातल्या ‘आपला’ची मालकी कोण सांगेल?

शेवटी, मंगोलियन शिकू पाहणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. मुंडगोडला पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या ऐटीत सांगितलं, बी मिनी बाग्शताइ इर्सेन, ‘मी माझ्या शिक्षकांबरोबर आलो’. समोरच्या बुर्यात भिक्षूने हसून दुरुस्त केलं: बी बाग्शताइगा इर्सेन. वस्तू किंवा माणूस कर्त्याचाच असेल तर मंगोलियन मी-तू-तो काही बघत नाही. विभक्तीनंतर एक लांब स्वर लावते, आ, ए किंवा ओ, नामाला जुळेल तो (आधी स्वर असेल तर मध्ये ग येतो), आणि त्याचा अर्थ ‘स्वतःचं’. तेर नोमो अव्सन: त्याने आपलं पुस्तक घेतलं. तेर नोमिग न अव्सन: त्याने त्याचं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं, पुस्तक घेतलं. फिनिशमध्येही हॅन ओत्ती किर्यान्सा म्हणजे आपलं पुस्तक, आणि हॅन ओत्ती हॅनेन किर्यान्सा म्हणजे दुसऱ्याचं. मराठीतला ‘आपलं’ आणि ‘त्याचं’ हा भेद मनात पक्का धरा आणि जिथे ‘आपलं’ बसतं तिथे हा लांब स्वर लावा. मिनी हा शब्द हे माझं, दुसऱ्याचं नाही, असं सांगायचं असेल तेव्हासाठी ठेवा. गेर म्हणजे घर, गेर्ते म्हणजे ‘आपल्या घरी’. बी गेर्ते बाइना: मी घरी आहे. या वाक्यात ‘माझ्या’ कुठेच नाही, आणि घर मात्र माझंच आहे.